तबकडीवरील नाद आणि गुरुमुखाची विद्या

नाद हे ब्रह्माचेच एक रूप होय, असे आपल्या पूर्वसूरींनी मानले. आणि म्हणूनच देवालयाच्या चौकात, मठाच्या सभामंडपात व कीर्तनकाराच्या कथेत गायनाला पूजेइतकेच मानाचे स्थान मिळाले. पहाटेची भूपाळी, सायंकाळची आरती, पालखीपुढील पदे आणि सप्ताहातील अहोरात्र भजन यांतून पिढ्यान्‌पिढ्या श्रोत्यांचे कान घडत गेले. परंतु या नादसेवेच्या पोटी एक दुःख दडलेले होते. देवास वाहिलेल्या फुलाचे निर्माल्य तरी मागे उरते. गायिलेला स्वर मात्र समेवर येताच विरून जातो. थोर गवय्याच्या पश्चात राहत असे ती केवळ आठवण आणि शिष्यांच्या गळ्यातील त्याची छाया. ज्यांनी त्याला ऐकले त्यांच्याबरोबर ती आठवणही निघून जाई. गेल्या सव्वाशे वर्षांत या स्थितीत जो पालट झाला, तो एका काळ्या तबकडीमुळे. तिचा इतिहास हा केवळ एका यंत्राचा इतिहास नव्हे. गुरू, शिष्य आणि रसिक यांच्या परस्पर नात्याचाही तो इतिहास आहे.

एडिसनने १८७७ साली माणसाचा आवाज नळकांड्यावर उमटवून दाखविला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८८७ साली, एमिल बर्लिनर याने नळकांड्याच्या जागी सपाट तबकडी योजिली, आणि एका मूळ मुद्रणावरून हजारो प्रती काढण्याचा मार्ग खुला झाला. हिंदुस्थानात हे यंत्र गायनाच्या मुद्रणासाठी आले ते १९०२ साली. त्या वर्षी फ्रेड गाइसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तज्ज्ञ कलकत्त्यास उतरला, आणि तेथे मुद्रित झालेल्या गायिकांत गौहरजान हिचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले. तबकडीच्या अखेरीस स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारण्याची तिची लकब जुन्या श्रोत्यांच्या कौतुकाचा विषय झाली होती. त्या पुकाऱ्यामागे व्यवहार होता. मुद्रिका जर्मनीतील हॅनोव्हर शहरी छापून येत, आणि तेथील कामगारांना गाणे कोणाचे हे कळण्याचा तोच उपाय होता. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला. या तबकडीचे मुख्य द्रव्य म्हणजे आपल्याच अरण्यांतील झाडांवर मिळणारी लाख. लाख येथून परदेशी जाई, आणि येथलाच स्वर तिच्यावर कोरला जाऊन परत येई, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

आरंभीचे मुद्रण विजेच्या साहाय्यावाचून होत असे. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, कर्ण्याच्या टोकाशी असलेला पडदा थरथरावयाचा आणि त्या कंपनाने मेणाच्या चकतीवर रेषा उमटावयाची, अशी ती रीत होती. मंद्र सप्तकातील हळुवार काम तिच्यात उतरत नसे आणि तंबोऱ्याचा झंकार बहुतेक लोपून जाई. १९२५ नंतर विद्युत्‌मुद्रणाचा प्रसार झाला आणि ध्वनिग्राहक यंत्राने हे दैन्य पुष्कळसे दूर केले. तथापि वेळेचे बंधन तसेच राहिले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. एकेक राग तास-दीड तास उलगडणाऱ्या गवय्याला तीन मिनिटे म्हणजे समुद्र घागरीत भरण्यासारखेच. काहींना ते साधले नाही, आणि त्यांच्या मुद्रिका घाईघाईच्या व निर्जीव वाटतात. ज्यांना साधले त्यांनी मात्र एक नवीनच कला निर्माण केली. पहिल्या षड्जातच रागाचे वातावरण उभे करावयाचे, अस्ताई-अंतरा नेटका मांडावयाचा, निवडक आलाप व दोन-चार सुबक ताना घेऊन गाणे संपवावयाचे. अभंगाच्या चार चरणांत संतांनी जीवनाचे सार सांगितले; त्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्यास ही अल्पाक्षरी गायकी परकी वाटण्याचे कारण नव्हते.

असे असताही अनेक थोर गवई या यंत्रापासून दूर राहिले. त्यांच्या या विन्मुखतेची कारणे आज हास्यास्पद मानण्याची प्रथा आहे. परंतु त्यांचा विचार सहानुभूतीने केला पाहिजे. विद्या ही गुरुमुखातून, गुरूच्या सन्निध राहून आणि त्याची सेवा करून मिळावयाची, ही त्यांची श्रद्धा होती. शिष्याची पात्रता पाहून, त्याच्या गळ्याचा कल ओळखून, एकेक चीज योग्य वेळी द्यावयाची असते. जे दान इतक्या जपणुकीने करावयाचे, ते चार आण्यांची पिन लावून कोणीही, कोठेही, पानाच्या दुकानातसुद्धा वाजवावे, ही कल्पना त्यांना रुचणे शक्य नव्हते. मंत्रदीक्षेचे महत्त्व जाणणाऱ्या मठाच्या शिष्यवर्गास तरी हा संकोच सहज समजण्यासारखा आहे.

या निष्ठेची किंमत मात्र पुढील पिढ्यांनी मोजली. बडोदे संस्थानातील कठोर गावी १८६९ साली जन्मलेले गायनाचार्य भास्करबुवा बखले यांनी एकाहून अधिक घराण्यांची विद्या कष्टाने संपादन केली, बालगंधर्व व मास्टर कृष्णराव यांच्यासारखे शिष्य तयार केले, पुण्यास १९११ साली भारत गायन समाजाची स्थापना केली, आणि १९२२ साली देह ठेवला. त्यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. कोल्हापूर दरबारचे गायकसम्राट अल्लादियाखाँ यांचे निधन १९४६ साली झाले. तोपर्यंत मुद्रणकला चांगली प्रगत झाली होती, त्यांच्या शिष्यांच्या मुद्रिका घरोघरी वाजत होत्या. पण खाँसाहेबांनी स्वतः यंत्रापुढे गाणे मान्य केले नाही. बालगंधर्वांच्या पदांतील एखादी लडिवाळ फिरत ऐकून भास्करबुवांचा अंदाज बांधावयाचा, केसरबाईंच्या श्वासाचा दीर्घ पल्ला ऐकून अल्लादियाखाँचे गाणे मनापुढे आणावयाचे, एवढेच आता रसिकाच्या हाती राहिले आहे.

जेथे उस्ताद आणि बुवा मागे राहिले, तेथे स्त्रिया पुढे झाल्या. आरंभीच्या काळात तबकडीवर गाणाऱ्या गायिका बहुतांशी कलावंत वर्गातील होत्या. गोमंतकातील देवालयांच्या सेवेत पिढ्यान्‌पिढ्या गायन-नर्तन करणाऱ्या या वर्गाने देवाच्या उत्सवाला शोभा दिली. पण समाजाने त्यांच्या कलेचा आस्वाद घेतला आणि त्यांना सन्मान मात्र दिला नाही. ज्या घरांत या स्त्रियांना पाहुणी म्हणून प्रवेश मिळाला नसता, त्या घरांच्या माजघरापर्यंत त्यांचा स्वर तबकडीच्या द्वारे पोहोचला. कुलीन घरांतील मुली तो ऐकून गुणगुणू लागल्या. प्रतिष्ठेची जी दारे माणसांनी बंद ठेविली होती, त्यांतील काही तरी या निर्जीव यंत्राने किलकिली केली, हे मान्य करावयास हवे.

अशा वर्गातून आलेल्या दोन गोमंतकीय स्त्रियांनी अल्लादियाखाँची गायकी आपल्या कंठात जतन केली. फोंडे महालातील केरी येथे १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनी बालपणी काही महिने अब्दुल करीमखाँ यांच्याकडे व पुढे रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे धडे घेतले. १९२१ पासून मात्र त्या अल्लादियाखाँच्या शिष्या झाल्या, आणि ते शिष्यत्व खाँसाहेबांच्या अखेरपर्यंत अखंड चालले. दुसऱ्या मोगूबाई कुर्डीकर. त्यांचा जन्म कुर्डी गावी १९०४ साली झाला. नाटक मंडळीत लहानपण गेलेली ही अनाथ मुलगी सांगलीस रियाज करीत असता अल्लादियाखाँनी रस्त्यावरून जाताना तिचा आवाज ऐकला, ते थांबले, आणि तिला शिकवू लागले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मोगूबाईंचे कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे तेथील सोमेश्वराचे देवस्थान आणि घरांचे चौथरे वर येतात आणि पांगलेले ग्रामस्थ तेथे जमतात. गाव बुडाले, पण त्या गावाचे नाव आडनावात धारण करणाऱ्या गायिकेचा स्वर तबकडीवर व तिची कन्या किशोरी आमोणकर यांच्या गाण्यात तरंगत राहिला.

पुरुष गवय्यांत या नव्या साधनाचे सामर्थ्य ज्यांनी खऱ्या अर्थाने प्रकट केले, ते किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ होत. उत्तरेत जन्मलेल्या, बडोदे दरबारी राहिलेल्या आणि शेवटी मिरजेस स्थिरावलेल्या या फकिरी वृत्तीच्या गायकाने विसाव्या शतकाच्या आरंभीच काही मुद्रिका दिल्या होत्या. तथापि त्यांची खरी कीर्ती १९३० नंतरच्या दशकात ओडियन कंपनीने काढलेल्या तबकड्यांनी पसरली. कमावलेला असूनही कोठेही जोर न लावणारा, सुरात लीन झालेला तो आवाज यंत्राला जणू वश झाला होता. झिंझोटीतील ठुमरी व भैरवीतील ठुमरी या दोन तबकड्यांनी तर धर्म, भाषा आणि प्रांत यांच्या सीमा ओलांडल्या. मराठी नाट्यपदे व त्यागराजांची कृतीही त्यांनी मुद्रित केली. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीस जात असता वाटेत सिंगपेरुमलकोविल या लहानशा स्थानकावर त्यांची प्रकृती बिघडली. फलाटावरच अंथरूण घालून, तंबोरा जुळवून त्यांनी ईश्वराची प्रार्थना गायिली आणि तेथेच प्राण सोडला, असे सांगतात. मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ गवय्यांची हजेरी दरवर्षी लागते.

आता या मुद्रिका ऐकणारांकडे वळले पाहिजे. कारण रसिकावाचून नाद अपुरा. त्या काळी ग्रामोफोन ही संपन्न घरची वस्तू होती. सणावारी किंवा पाहुणे आले म्हणजे दिवाणखान्यात पेटी मांडली जाई. तबकडी मऊ फडक्याने पुसावयाची, किल्ली पूर्ण द्यावयाची, प्रत्येक बाजूस नवी पिन लावावयाची आणि सुई अलगद टेकवावयाची, हा सर्व विधी घरातील एखादा कर्ता पुरुष पूजेच्या सोवळ्याने करी, आणि मुलांना त्या पेटीस हात लावण्याची बंदी असे. ज्यांच्या घरी पेटी नसे ते अंगणात, ओसरीवर किंवा हॉटेलच्या दारात उभे राहून ऐकत. धारवाडच्या गंगूबाई हनगल बालपणी रस्त्यावर फोनोचा सूर कानी पडला की घराबाहेर धाव घेत आणि ऐकलेले गाणे तसेच म्हणण्याचा प्रयत्न करीत. पुढे त्यांच्याच तबकड्या लोक तशा ओढीने ऐकू लागले.

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेल्या शिवपुत्र कोमकली या बालकाची कथा याहूनही आश्चर्यकारक आहे. थोर गवय्यांच्या तबकड्या ऐकून त्या हरकती-तानांसकट जशाच्या तशा गाऊन दाखविण्याचे सामर्थ्य त्याला बालवयातच लाभले होते. एका लिंगायत मठाच्या स्वामींनी त्या बालकाचे गाणे ऐकून त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली, आणि तेच त्याचे जगन्मान्य नाव झाले. गुणाची पारख करून त्याला आशीर्वाद देण्याचे कार्य मठांनी कसे केले, याचे हे ठळक उदाहरण होय.

गदग भागात वाढलेल्या भीमसेन जोशी या मुलाच्या कानी अब्दुल करीमखाँची झिंझोटीची तबकडी पडली, आणि असे आपल्याला गाता आले पाहिजे या एकाच ध्यासाने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याने घर सोडले. ग्वाल्हेर व उत्तरेतील इतर शहरे पालथी घालून अखेर तो आपल्याच मुलखात, कुंदगोळ येथे, खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या दारी पोहोचला, आणि तेथे त्याने पाणी भरण्यापासून सर्व प्रकारची गुरुसेवा केली.

या दोन चरित्रांत जुन्या गवय्यांच्या शंकेचे उत्तर आढळते. गुरूवाचून विद्या मिळते असा भ्रम तबकडी निर्माण करील, ही त्यांची भीती होती. परंतु भीमसेनांना तबकडीने गुरूपासून दूर नेले नाही. तिने त्यांना गुरूच्या शोधात घराबाहेर काढले. कुमार गंधर्वांनाही केवळ अनुकरणावर समाधान मानता आले नाही. मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्यापाशी त्यांनी विद्येचे मर्म जाणून घेतले, पुढे देवास येथे दीर्घ आजारपणात माळव्याची लोकगीते व नाथपंथी भजने ऐकली, आणि मगच त्यांची स्वतंत्र गायकी सिद्ध झाली. एकलव्याने मातीच्या मूर्तीपुढे विद्या साधली हे खरे. पण त्या मूर्तीत प्राण ओतला तो त्याच्या श्रद्धेने आणि अभ्यासाने. तबकडी ही अशीच मूर्ती होय. ती वाट दाखविते. चालावे लागते ते साधकालाच.

महाराष्ट्राबाहेरील ज्या नगरांत मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला, त्यांचेही या इतिहासात मोठे स्थान आहे. ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ यांनी अखेरची वर्षे कुरुंदवाड येथे काढली आणि १९२२ साली तेथेच ते निवर्तले. त्यांच्या वार्धक्यात घेतलेल्या मोजक्या मुद्रिकांतून एका लुप्त युगाचा स्वर कानी येतो. बडोद्याच्या दरबारचे आफताब-ए-मौसिकी फैयाजखाँ १९५० साली दिवंगत झाले. त्यांच्या तबकड्या व आकाशवाणीसाठी झालेली मुद्रणे आग्रा घराण्याचा रुबाब आजही सांगतात. होळकरांच्या इंदुरात वाढलेले अमीरखाँ यांना तर काळाने एक विशेष देणगी दिली. १९५० नंतरच्या दशकात दीर्घकाळ वाजणारी तबकडी आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गायन मावू लागले. १९६० साली निघालेल्या त्यांच्या मारवा व दरबारी या रागांच्या तबकडीत तो संथ, अंतर्मुख विलंबित ख्याल प्रथमच पुरेशा विस्ताराने घरोघरी पोहोचला. तीन मिनिटांच्या चौकटीत हे गाणे कधीच मावले नसते.

भक्तिसंगीताच्या प्रसारात तर या साधनाने केलेली सेवा निःसंशय मोठी आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी भजनास रागदारीच्या बैठकीत मानाचे पान दिले, आणि त्यांचे सुपुत्र दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांनी ती भजने प्रासादिक आवाजात मुद्रित केली. १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते कालवश झाले. तरी त्या तबकड्यांमुळे त्यांचा आवाज कायमचा तरुण राहिला. पुढे भीमसेन जोशी यांनी गायिलेल्या अभंगांनी पंढरीच्या वारकऱ्यापासून परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबापर्यंत सर्वांना एकाच सुरात बांधले.

खरा ध्वनिमुद्रिका-रसिक कोणास म्हणावे? केवळ संग्रह मोठा असला म्हणजे रसिकता येत नाही. जुन्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झाल्या असतील असा भरवसा नसतो. मिनिटास ७८ ऐवजी सुमारे ८३ फेरे झाले, तर काळी एकमध्ये गायिलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते, लय चढते आणि गवय्याचा घनगंभीर आवाज पोरका वाटू लागतो. म्हणून जाणता रसिक पेटीचा स्वर लावून यंत्राची गती जुळवितो. खरखरीमागचा तंबोरा तो कानाने वेचून काढतो, आणि तीन मिनिटांत गवय्याने काय सांगितले, त्याबरोबरच काय गाळले, याचाही विचार करतो. एकच तबकडी शंभर वेळा ऐकून दर वेळी नवी जागा सापडणे, हे त्याच्या उपासनेचे फळ होय. नामजपात पुनरुक्तीचा दोष नसतो; श्रवणाचेही तसेच आहे.

अशाच रसिकांनी हा ठेवा राखला. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे उत्पादन १९७०च्या सुमारास थांबले, कंपन्यांच्या दृष्टीने त्यांचे मोल संपले, आणि अनेक घरांतून त्या रद्दीबरोबर गेल्या. लाखेची तबकडी पडली की फुटते, उन्हात वाकते आणि झिजलेल्या सुईने कायमची खरवडली जाते. जुन्या बाजारांत हिंडून, स्वतःच्या मिळकतीतून त्या विकत घेऊन, धुऊनपुसून, त्यांवरील क्रमांक टिपून ठेवणारे संग्राहक पुढे आले नसते, तर कित्येक आवाज पुन्हा मौनात गेले असते. १९९० साली मुंबईत भारतीय ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था स्थापन झाली आणि या विखुरलेल्या श्रमांना एकत्र येण्यास स्थान मिळाले. आज हे आवाज संगणकावर उतरवून ठेवता येतात. परंतु तबकडी अस्तित्वात असेल तरच ते शक्य आहे. जुन्या घरांच्या माळ्यावर, देवघराशेजारच्या कपाटात किंवा मठा-मंदिरांच्या कोठारात पडलेल्या तबकड्या आणि उत्सवांतील गायन-कीर्तनाच्या फिती यांची वेळीच विचारपूस व्हावी. पोथी जीर्ण झाली म्हणजे तिची नक्कल करण्याचा परिपाठ आपल्या पूर्वजांनी कसोशीने पाळला. स्वरांच्या पोथीसही तोच न्याय लावला पाहिजे.

या इतिहासाचा शेवट, निदान आजपुरता, पृथ्वीवर होत नाही. १९७७ साली अमेरिकेने सूर्यमालेपलीकडे जाणारी दोन याने सोडली. मानवजातीची ओळख म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसविली आणि ती वाजविण्यासाठी सुईही सोबत दिली. जगभरातील २७ संगीतरचना तिच्यावर आहेत, आणि त्यांत हिंदुस्थानी संगीताच्या वाट्यास आलेली एकमेव रचना म्हणजे केरीच्या केसरबाईंनी गायिलेली भैरवी होय. कालावधी अवघी साडेतीन मिनिटे. दुसरे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले, आणि त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर रोजी, केसरबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली. त्या यानाने २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली.

अल्लादियाखाँ यंत्रापुढे गायिले नाहीत. पण त्यांनी पंचवीस वर्षे समोर बसवून जे दिले, ते शिष्येच्या कंठातून तबकडीवर उतरले आणि ताऱ्यांच्या प्रवासास निघाले. गुरुमुखाची विद्या आणि तबकडी यांचा विरोध अशा रीतीने मावळला. गुरूने दिले, शिष्येने राखले, यंत्राने वाहून नेले. भैरवी ही मैफलीच्या समाप्तीची रागिणी. पण त्या अथांग आकाशात ती अजून संपलेली नाही.